नान न खाता गेलेला माणूस

१२ सप्टेंबर
चार महिने काही लिहिलं नाही, याबद्दल माझी मीच माफी मागतो. सिनेमाची कथा आणि संवाद लिहीत होतो. दोन ठिकाणी एकदम खरं लिहिणं मला जमत नाही. (की जमत नाही म्हणणं सोयीचं आहे?) शाळेतली इतिहासाची नोकरी सोडल्याचा पश्चात्ताप नाही. दिग्दर्शक मेलिस म्हणतो, हा थरारपट चालला की पुढचाही मीच लिहायचा. हेडबाईंनी माझी जागा महिनाअखेरपर्यंत रिकामी ठेवली आहे. त्यांचा चांगुलपणा. गरज नाही.

१५ सप्टेंबर
डबिंग. मेलिसशी वाद. त्याच्या मते इन्स्पेक्टरवर पिस्तूल रोखलेला खुनी त्याला ‘दादा, घरी सगळे बरे ना?’ असं विचारत नाही. पण इन्स्पेक्टर वयानं मोठा आहे. न विचारता कसं चालेल? वाक्य राहिलं.
खुन्याची खूण मात्र फार सूक्ष्म. आम्हा किर्गिझांत नान चाखल्याशिवाय कुणी घराबाहेर पडत नाही; मृताच्या घरून निघतानाही सगळे दारात नानचा तुकडा मोडून तोंडात टाकतात. एकटा पुतण्या तसाच जातो. कुणाच्या लक्षात येणार नाही. हा प्रेक्षकांवर अन्याय तर नाही ना, अशी टोचणी.

२६ सप्टेंबर, संध्याकाळ
पहिला खेळ. डोंगरातल्या नारीन गावाहून आई आली होती. पुतण्या दाराबाहेर पडला आणि आई मोठ्यानं म्हणाली, "नान न खाता गेला मेला. ह्यानंच मारलं."
मागून कुणीतरी म्हणालं, बरोबर, आजी.
त्यानंतर दीड तास सगळं थिएटर इन्स्पेक्टरला ते कळायची वाट बघत बसलं. पिस्तुलाच्या प्रसंगात एकजण ओरडला, सगळे बरे आहेत, तू झाड गोळी. लोक गुंतले होते, असं म्हणता येईल.

२७ सप्टेंबर
मेलिस फोन उचलत नाही. अभिनंदनाचे फोन येत असणार. बायकोला, बुरुलला, म्हटलं खरं सांग. ती म्हणाली, कपडे छान होते. आईनं समजूत काढली: मला लगेच कळलं, म्हणजे तू नीटच लिहिलंस. दिवसभर हेच डोक्यात.

२९ सप्टेंबर
मेलिसनं फोन उचलला. पुढचा सिनेमा त्याचा मेहुणा लिहितोय. त्यात बोलणं कमी असेल म्हणे.
रागानं कोट चढवून निघालो. कुठे, ते ठरलं नव्हतं. दारात बुरुल नान घेऊन उभी.
"तुकडा मोड, मग जा. नाहीतर लोकांना कळेल, तो सिनेमा तूच लिहिलास."
मोडला. ताजा होता. परत आत आलो.

उद्या: हेडबाईंना भेटणे.