मायचं पार्सल

आप्पा, आज दुपारी सुरतेहून एक खोका आला. पार्सलचे एकशे चाळीस रुपये भावाने तिकडेच भरले. इकडे दोन नारळ, हळदकुंकू आणि मीटरभर पांढरं कापड, मिळून एकशे दहा. खोक्यात मायच्या अस्थी आहेत. ती भावाकडेच गेली. हे अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे मला शेवटचं जाताही आलं नाही. अस्थी घरात घ्यायच्या नाहीत, म्हणून खोका घेऊन तुमच्या स्टेशनवर येऊन बसलेय.

तुम्ही गेलात त्याला बावीस वर्षं झाली. आता इथे गाडी थांबत नाही, तिकिटाच्या खिडकीला पत्रा ठोकलाय. नदीवरच्या देवाला येणारी माणसं जीपने थेट घाटावर उतरतात. अस्थींची गाठोडी अडकवायला तुम्ही कडुलिंबाला ठोकलेले खिळे झाडाने पार गिळलेत. मी चौथीत होते. सकाळच्या गाडीने एक बाई उतरलीय, हातात लाल फडक्याचं गाठोडं. ती नळावर तोंड धुवायला जाते आणि मी, तुम्हाला मदत म्हणून, ते उचलून मालाच्या काट्यावर ठेवते. तुम्ही झेंडी टाकून धावत आलात. ‘माणूस शे तो, माल नही!’ म्हणत माझ्या पाठीत धपाटा घातलात, टोपी काढून गाठोड्याला हात जोडलेत. बाईच तुम्हाला म्हणाली, ‘ऱ्हाऊ द्या भाऊ, पोर शे. जित्ता व्हता तवय त्याले कोन्ही मोजं नही, आते तरी मोजू द्या.’ तुम्हाला हसू आलं, मी रडत होते. ड्यूटी संपल्यावर तिच्यासोबत घाटापर्यंत गेलात. निघताना मला म्हणालात, ‘मरेल माणूसले एकटं धाडानं नही, बेटा.’

खोक्यावरच्या चिठ्ठीत छापलंय, वजन एक किलो दोनशे ग्रॅम. नखाने खरवडली, निघत नाही. नाम घ्यायला डोळे मिटले तर ओठांवर तो आकडाच येतो. एवढ्या एकादश्या केल्या, सोमवार धरले, कशासाठी ते आज सांगता येत नाही.

भावाला बोल लावू नका. त्याने फोनवर विचारलं होतं, ‘बाई, दोन दिवसनी रजा टाकू का? मी लई येस मायले.’ स्वतः घेऊन येतो म्हणत होता. मीच म्हटलं, ‘कशाला? दोन खाडे पडतील, गाडीभाडं जाईल. पार्सल कर.’ तो ‘बरं’ म्हणाला. आता ये म्हणायला मला तोंड नाही.

आप्पा, मी पुन्हा माणूस काट्यावर ठेवलं, आणि या खेपेला धपाटा घालायला कुणी नाही. हे पत्र पेटीत पडायचं नाही, वहीतच राहील. खोका अजून मांडीवर आहे, खाली ठेववत नाही. मी एकटीने तिला पाण्यात सोडलं तर चालेल का, तेवढं उलट टपाली कळवा.