शेवटचा नमुना

५ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आपला चहा घेणाऱ्या जुन्या देशावर निर्बंध आले, बँकांनी त्याचे पैसे अडवले आणि कंपनीने मला या नव्या बंदरावर धाडलं, त्याला दोन वर्षं होतील. इथले लोक चहा घेऊन खत द्यायला तयार आहेत. मधे तिसऱ्या देशाचं चलनच नको, म्हणजे कोणी अडवायला नको.

आता शेवटचा नमुना मागितलाय. पसंत पडला तर पाच वर्षांचा करार, आणि मी इथेच. नाही पडला तर ऑफिसला कुलूप, आणि मी घरी! मिश्रण मात्र बाबांच्याच हातचं हवं, कंपनीत त्यांच्यासारखा चहा कोणी मिसळत नाही. इथे मी एकटाच चहा चाखतो. वाद घालायलाही कोणी नाही गं, फार एकटं वाटतं.

लोभ आहेच, तो वाढव.
तुझा, धाकटा

२८ मार्च
चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

नमुना पाठवलाय. बाबांनी दार लावून मिश्रण केलं, मला वासही घेऊ दिला नाही. चहा मिसळताय की सोनं गाळताय, असं चिडवलं, तरी हसले नाहीत. माझा पॅकिंग विभाग सध्या आठवड्यातून जेमतेम तीन दिवस चालतो. बायका रोज विचारतात, भावाचं काय ठरलं. मला तर तूही हवास आणि करारही.

तब्येत सांभाळ, आठवण ठेव.
ताई

१९ एप्रिल
ती. ताईस,
सा. न.

डबा उघडला तर काय, दमट वास! ओलं पान बाबांनी कधी गोदामात शिरू दिलं नाही. पुन्हा पुन्हा चाखला, तेव्हा उमगलं: बाकी मिश्रण नेमकं, ओलं पान तेवढं मोजून घातलेलं. मला घरी आणायला त्यांनी चहा मुद्दाम नासवला होता. पोटभर रडलो.

तोच डबा पुढे देणार होतो, बॅगही काढली होती. पण तुझ्या पॅकिंगमधल्या बायका डोळ्यांसमोर आल्या. आधीच्या नमुन्यांतल्या शिलकी पानांतून बाबांच्याच पद्धतीने नवं मिश्रण केलं. पसंत पडलं. त्यांना काही बोलू नकोस.

माया असू दे.
धाकटा

८ मे
चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मी चकार शब्द काढला नाही रे. कराराची बातमी आली तशा बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. बाबा घरी आल्यावर म्हणाले, आयुष्यात एकदाच चहा बिघडवला, तोही पोराने बिघडू दिला नाही. तुला शाबासकी कळवायला सांगितलीय.

मग तुझ्यासाठी उन्हात घातलेली गादी त्यांनी स्वतःच गुंडाळून माळ्यावर ठेवली.

आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी, ताई