डाव्या गालाची नस

आई,

आधी पाया पडते. जेवण वेळेवर होतं, काळजी नको.

आज शरीररचनेच्या तासाला, देहदान केलेल्या एका आजोबांना हात जोडून, त्यांच्या चेहऱ्याची नस शोधली. तिला तीन फांद्या: कपाळाला, गालाला, जबड्याला. दातांनाही तीच जाते. म्हणून ती बिघडली की चांगले दातही ठणकतात, नुसत्या वाऱ्यानेही कळ येते.

तुझं दाढांचं दुखणं तसंच असणार गं. दोन दाढा उगाच गेल्या. बाबांना म्हणावं, ही नाटकं नाहीत. आता दात काढू नकोस, नसांच्या डॉक्टरांना दाखव. ताई मऊ काही करून घालते ना?

निघताना मी डाव्या गालाचा पापा घेतला, तू झटकन तोंड फिरवलंस. मला वाटलं, लांब चालले म्हणून रागावलीस.

आता उजव्या गालाचा पापा.

तुझी धाकटी