सोवळ्यातली बाटली

मळमड्डी, धारवाड
१० जानेवारी १९४७

शकूचं वजन दोन पौंडांनी वाढलं. डॉक्टरांनी काटा दोनदा पाहिला.

अण्णाची, माझ्या भावाची, ही चार वर्षांची पोर पोटभर जेवूनही वाळत चालली होती, सारखी खोकायची. सिस्टिक फायब्रोसिस हे नाव डॉक्टरांनाही नवंच. स्वादुपिंड काम करत नाही, म्हणून जेवणात त्याचीच भुकटी कालवायची. ती डुकराची असते. बाटलीवरचं इंग्रजी घरात फक्त मला कळतं; गप्प राहिले असते तर? पण फसवून पोर बरी करायची नव्हती. सांगून टाकलं. आई एवढंच म्हणाली, "सोवळ्यात आणू नकोस." तेव्हापासून बाटली पडवीच्या कोनाड्यात, आणि शकूचा भात मी तिथेच कालवायचे.

आज वजन सांगितलं. आई सोवळं नेसलेलीच पडवीत गेली आणि बाटली उचलून स्वयंपाकघरात घेऊन आली.

"आई, अगं ती..."

"ठाऊक आहे. तू बाहेर कालवत बसतेस, तोवर पोरीचा भात गार होतो."

खोकला अजून आहे. पुढचं डॉक्टरही सांगत नाहीत. पण बाटली आज मिठाच्या बरणीशेजारी आहे. आत्ताच पुन्हा जाऊन पाहून आले.