छप्पर गळत नाही

प्रिय आई,

सुखरूप पोचले. डुलूथला बर्फ वितळला का? गोळ्या वेळेवर घे.

आरविडने आपल्या ओंडक्यांच्या घराचं आतलं काम संपवलंय. बंद पडलेल्या लाकूडगिरणीतले दिवे लावलेत, लोखंडी नळ्यांची फडताळं केलीत. हात चांगला आहे त्याचा. पण चुलीच्या वर गिरणीतलं गंजलेलं करवतीचं पातं टांगलंय.

"अरे, असल्याच पात्याने बाबांची बोटं नेली," मी म्हणाले.

"ताई, शहरातल्या पाहुण्यांना हेच आवडतं. त्याचंच तर भाडं देतात!"

उन्हाळ्यात तू इथे राहायला येणार, हे सांगितल्यावर तो टांगलेलं पातं उगीच सरळ करू लागला. मग म्हणाला, "आईला कळव, छप्पर गळतंय."

छप्पर उत्तम आहे, आई. तुझ्या खोलीत पाहुण्यांचे पलंग लागलेत.

तुझी,
लेम्पी