हलका नांगर

धुळे, वैशाख शुद्ध पंचमी, संध्याकाळ

साक्रीच्या बाजारातून आत्ताच आलो. अंगावरची धूळही झटकलेली नाही, पण हे आधी लिहून टाकतो, नाहीतर जेवण जायचं नाही.

मी केलेला नवा लोखंडी नांगर एकसुद्धा खपला नाही. जो येतो तो आधी एका हाताने उचलून बघतो. एका आबांनी उचलला, तोलला आणि खाली ठेवला. म्हणाले, "हलका शे. मोडी जाई."

अहो, हलका व्हावा म्हणूनच तर वर्षभर भट्टीपुढे भाजून घेतलं. तिकडच्या डोंगरातले बैल लहान. जमीन खडकाळ, म्हणून फाळ जाडच हवा. आणि संध्याकाळी नांगर खांद्यावर टाकून चढाने घरी न्यायचा. हे सगळं एकाच नांगरात बसवायचं तर कुठेतरी लोखंड कमी करावंच लागतं. जिथे ताण येत नाही तिथलंच केलं. चुकलो का? नाही.

येताना आमच्या कारखान्याचे मालक नाना म्हणाले, "दांडीत बिडाचा एक तुकडा बसव. हाताला जड लागला की खपेल." म्हणजे वजन कशासाठी, तर बाजारात एकदा, एका हाताने उचलण्यासाठी. बैलांनी मात्र ते दिवसभर ओढायचं.

नाही बसवणार. पुढच्या बाजाराला बैलजोडी घेऊन जाईन आणि शेजारच्या पडीक जमिनीत आबांच्याच हातात नांगराचं रुमणं, म्हणजे मूठ, देईन. तरीही नानांना वजन हवंच असेल, तर जू आधी त्यांनी स्वतःच्या मानेवर घेऊन बघावं.