दुसरा साक्षीदार

प्रिय दादा,

फोन केला असता, पण फोनवर तू "कामात आहे, नंतर बोलू" म्हणतोस आणि ते नंतर काही उजाडत नाही. म्हणून हा कागद. शनिवारची शाळा सुटली आहे, स्टाफरूममध्ये मी एकटीच आहे आणि कुलूप लावायला आलेला शिपाई दोनदा किल्ल्या वाजवून गेला आहे. तुझी लेक इथे आमच्याकडे बरी आहे. जेवते, झोपते, वाद घालते. आम्ही तिला घरात वकिलीणबाई म्हणतो ते तुला ठाऊक आहेच. परवा अप्पा म्हणाले, चहात साखर कमी आहे. तर हिने विचारलं, कशावरून? अप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. तेव्हा मीही हसले. आता त्याच "कशावरून"ने माझा जीव टांगणीला लागला आहे.

सोमवारी तिची इतिहासाची तोंडी परीक्षा आहे. दहावीला देशाचा अलीकडचा राजकीय इतिहास असतो. प्रत्येकाने त्यातला एक दिवस निवडायचा, त्याचा शोध घ्यायचा आणि बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर मांडायचा. माझ्या वर्गाला माझा एक जादा नियम असतो. एकाच माणसाच्या सांगण्यावरून काही मांडायचं नाही. दोन साक्षीदार हवेत, आणि साक्ष होईपर्यंत ते एकमेकांना भेटता कामा नयेत. मुलं कुरकुरतात आणि मग कामाला लागतात. कुणी राज्यघटना मंजूर झाली तो दिवस घेतला, कुणी मोठ्या संपाचा पहिला दिवस. वकिलीणबाईंनी चौकातल्या गोळीबाराचा दिवस घेतला.

कोणत्या तोंडाने अडवणार होते मी तिला? पाठ्यपुस्तकात त्या दिवसाला दोन ओळी आहेत: काही शहरांत अशांतता निर्माण झाली, परिस्थिती लवकरच आटोक्यात आली. तिला त्यापलीकडे काही माहीत नव्हतं. तू त्या चौकात होतास, तुझ्या खांद्याला खांदा लावून उभा असलेला तुझा मित्र चष्मिष पुन्हा घरी आलाच नाही, यातलं अक्षरही तू तिला सांगितलेलं नाहीस, आणि मी सांगायचं नाही असा शब्द माझ्याकडून घेतला आहेस. आजोबा रेडिओवर बातम्या वाचायचे, एवढंच तिला ठाऊक. तिने रेडिओ केंद्राकडे अर्ज केला, पाठपुरावा करून तिथल्या लोकांना भंडावून सोडलं आणि त्या संध्याकाळच्या बातमीपत्राच्या टेपची नक्कल मिळवली.

ती तिने वर्गात लावली. मी मागच्या बाकावर बसले होते. अप्पांचा तेव्हाचा आवाज, दादा, कसा स्वच्छ होता! धान्याचे भाव सांगितले, मंत्र्यांचा दौरा सांगितला, आणि मग ते वाक्य. "शहरात सर्वत्र शांतता आहे." पण त्या वाक्याच्या आधी आवाज थांबतो. तीन-चार सेकंद काहीच ऐकू येत नाही.

मुलांनी वर्ग डोक्यावर घेतला. एकजण म्हणाला, टेप खराब असेल. दुसरा म्हणाला, खोकला आला असेल. एक मुलगी म्हणाली, खोटं बोलायच्या आधी माणूस थांबतोच, आमचा भाऊ थांबतो. हशा पिकला. तुझी लेक हसली नाही. म्हणाली, "भांडता कशाला? विचारू या की." आणि दुसऱ्या दिवशी अप्पांना घेऊन आली.

मोठ्या बाईंनी मला दारातच गाठलं. "कशाला ही नसती उठाठेव? परीक्षक कोणत्या विचारांचा येईल सांगता येत नाही. रेल्वेचा विस्तार घ्या, छान विषय आहे, नकाशाही काढता येतो." पण तोवर अप्पा वर्गात पोचले होते. इस्त्रीचा शर्ट, वरचं बटणसुद्धा लावलेलं. खुर्चीत बसण्याआधी त्यांनी पेलाभर पाणी मागितलं, एक घोट घेतला आणि पेला उजव्या हाताला ठेवला. बातम्यांआधी असंच करायचे, आठवतं? केंद्रावर आपल्याला काचेपलीकडे उभं करून सांगायचे, हलायचं नाही.

ते वाक्य कुणी लिहिलं, असं मुलांनी विचारलं. वरून टाइप होऊन आलं, अप्पा म्हणाले. ते खोटं आहे हे तुम्हाला माहीत होतं? हो. कशावरून, हा प्रश्न अर्थातच तुझ्या लेकीचा. मला वाटलं, आता टाळतील. माझ्या हातातला खडू मोडला. अप्पा म्हणाले, "माझा मुलगा सकाळी चौकात गेला होता, तो परत आला नव्हता. शेजारच्या दुकानातून त्याच्या आईचा फोन आला होता." मग तुम्ही काय केलंत? "वाचलं."

मागच्या बाकावरचा एकजण त्यांच्या मदतीला धावला. आजोबा, म्हणूनच तुम्ही थांबलात ना? अप्पांना हो म्हणता आलं असतं. सगळा वर्ग ते हो ऐकायला टपून बसला होता, आणि मीसुद्धा. अप्पा म्हणाले, "थांबलो होतो? मला नाही आठवत. पान उलटलं असेल." कुणीतरी म्हटलं, ते वाक्य पुन्हा एकदा वाचून दाखवा ना. "एकदा वाचलं तेवढं पुरे झालं."

तुझी लेक तोवर उभीच होती. हातात प्रश्नांचा कागद होता, पण तिने त्यात पाहिलं नाही. "आजोबा, तुम्हाला मुलगा एकच आहे." "हो," अप्पा म्हणाले. ती खाली बसली.

घरी आल्यावर, दुसरी साक्ष तू दे म्हणून ती हात धुऊन माझ्यामागे लागली. मी सांगितलं, मी नऊ वर्षांची होते. त्या संध्याकाळी आई माझा हात धरून एकेका दवाखान्याच्या दाराशी तुझ्या बाबाला शोधत होती. आम्ही दोघींनी बातम्या ऐकल्याच नाहीत. त्या तू ऐकल्यास, दादा. शिंप्याच्या दुकानात, शटर ओढून, कापडाच्या गठ्ठ्यांमागे बसून. दुसऱ्या दिवशी घरी आलास तेव्हा मला फक्त तेवढंच सांगितलंस, आणि तेव्हापासून अप्पांशी "निघतो" आणि "पोचलो" यापलीकडे बोलला नाहीस. मी तुला दोष देत नाही. चष्मिषच्या आईसमोर तुला उभं राहावं लागलं, आम्हाला नाही. शिंप्याच्या दुकानाबद्दल मी लेकीला काही बोलले नाही. फक्त म्हटलं, त्या बातम्या ऐकलेला एकजण आहे, त्यालाच विचार.

टेपवरून काही ठरत नाही. ती नक्कल आहे. ते थांबणं अप्पांचं की यंत्राचं, हे केंद्रातलं आता कुणी सांगू शकत नाही. त्या संध्याकाळी प्रत्यक्ष ऐकलेला आणि तो आवाज ओळखणारा तू एकटा उरला आहेस. साक्षीदाराला आधीच सगळं कळलं तर साक्ष कच्ची पडते, असं मी लेकीला म्हटलं. त्यावर ती म्हणाली, "कळव तू, आत्या. बाबा खोटं बोलत नाहीत. नुसते गप्प बसतात."

ते थांबणं तू ऐकलं नसशील, तर नाही म्हण. ती नाही असंच मांडेल. अप्पांना सोडवायला मी तुला गळ घालत नाहीये. त्यांना स्वतःलाच सुटायचं नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मला धास्ती आहे ती तुझ्या "नंतर बोलू"ची. सोमवारी ती एका साक्षीवर उभी राहिली, तर तिला खाली बसवणारी मीच असेन. भाची म्हणून नियम वाकवणार नाही, आणि वाकवलेला तिलाही चालणार नाही.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. रविवारीही तुमचं बोगद्याचं काम चालू असतं, हे वहिनीला विचारून घेतलं आहे. उद्या हे पत्र साइटच्या ऑफिसात तुझ्या हातात देणारी मुलगी, तू हे वाचत असताना, तुझ्यासमोर उभी असेल. तू शेवटच्या ओळीपर्यंत पोचल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असं मी तिला बजावलं आहे. ते तिला किती जड जातंय हे तिच्याकडे नुसतं पाहिलंस तरी कळेल. आणि ती एकटी आलेली नाही. अप्पा खाली फाटकापाशी, पहारेकऱ्याच्या खुर्चीवर बसले असतील. साक्ष होईपर्यंत दोन साक्षीदारांनी भेटायचं नाही, असं तुझ्या लेकीने त्यांना कालच सुनावलं आणि ते निमूटपणे बरं म्हणाले. साक्ष झाल्यावर भेटायला माझ्या नियमाची काही आडकाठी नाही. खाली गेलास तर पेलाभर पाणी घेऊन जा. बोलण्याआधी त्यांना ते लागतं.

तुझीच,
धाकटी